दारापासून दारापर्यंत

रझिया,

तुला मातीत उतरवलं तेव्हा तुझा इम्तियाज काळ्या समुद्राच्या वर होता. तू जन्मभर भूगोल शिकवलास म्हणून सांगते, नाहीतर कुणाला काय त्याचं. पुरुषमंडळी कबरस्तानात गेली होती, बायका आतल्या खोलीत बसल्या होत्या, आणि मी तुझ्या त्या करकरणाऱ्या वेताच्या खुर्चीत बसून मोबाइलच्या नकाशावरचं त्याचं पिवळं विमान बघत होते. ते इतकं हळू सरकत होतं की मला वाटलं बंदच पडलंय. तुझ्या भावाची सून शबाना दोनदा येऊन विचारून गेली, बाई, पाणी देऊ का. मी दोन्ही वेळा मान हलवली. ती हो म्हणून होती की नाही म्हणून, ते तिलाही कळलं नाही आणि मलाही.

आता दोन आठवडे उलटून गेले. मला वाटलं होतं, चार दिवसांत धडधड थांबेल आणि मग व्यवस्थित रडू येईल. पण तसलं काही होत नाहीये. दुःखाचं मी बघून घेईन गं, पण ही भीती मला जेवू देत नाही. संध्याकाळी दाराला कडी लावताना हात थांबतो. आतून कडी लावली आणि मला काही झालं, तर लोक दार फोडणार. नाही लावली, तर चोर येणार. काल मी कडी लावली, काढली, परत लावली. बघितलं असतंस तर म्हणाली असतीस, सदाशिव पेठेत चोर कशाला येतील, त्यांचाही अपमान करून परत पाठवाल तुम्ही.

आपल्या दोघींचा विमानांशी संबंध तरी काय होता? मुलींच्या शाळेत तू भूगोल शिकवायचीस, मी गणित. एकच स्टाफरूम, एकच कपाट, आणि दोघींना एकेकच अपत्य. तुझा गेला टोरोंटोला, माझी मुक्ता मेलबर्नला. तो पहिल्यांदा गेला त्या आठवड्यात तू प्रयोगशाळेतला पृथ्वीचा गोल उचलून स्टाफरूममध्ये आणलास आणि शिवणाचा दोरा पुण्यावर धरून टोरोंटोपर्यंत ताणलास. दोरा वरून, पार उत्तरेकडून गेला. तू म्हणालीस, बघ, वरून गेलं की जवळ आहे. मी प्रमाण मांडून गुणाकार केला. साधारण साडेबारा हजार किलोमीटर आले. तू दोरा कापून पर्समध्ये ठेवलास आणि नववी ब वर तासाला निघून गेलीस. डोळे पुसलेले मी पाहिले होते.

पुढे मोबाइल आले. दोन शहरांची नावं टाकली की अंतर आणि विमानाचे तास लगेच पुढ्यात. पुणे ते टोरोंटो, चौदा-पंधरा तास. तू केवढी चिडली होतीस. "पुण्याहून टोरोंटोला विमान जातं का? जात नाही. मग हे चौदा तास कुणाचे, कावळ्याचे?" अंतर मोजायचं तर दारापासून दारापर्यंत मोज, म्हणालीस. मग मी मोजलं. भवानी पेठेतलं तुझं दार, घाटातली वाहतूक, मुंबईच्या विमानतळावरच्या रांगा, आखातात मध्येच उतरून काढायचे चार-पाच तास, मग पुढचं लांबलचक विमान, आणि पलीकडची रांग. सगळं सुरळीत झालं तर सव्वीस-सत्तावीस तास. मुक्ताचे बावीस. त्यावरही तुझं समाधान नाही. बॅग भरण्याचे तास धर, म्हणालीस. मी म्हटलं, बॅग भरणं हा प्रवास नव्हे. तू म्हणालीस, ज्याची आई शेजारी बसून भरून देते त्याला विचार. हा वाद आपण बारा वर्षं घातला आणि तो तसाच राहिला.

मुलं विमानात असली की आपण दोघी मोबाइल घेऊन बसायचो. मुक्ताचं विमान तू बघायचीस, इम्तियाजचं मी. आपापल्या पोराचं बघवत नाही, असं आपलं ठरलं होतं. आठवतं, एकदा भर दुपारी तुझा फोन आला होता, "कुंदा, ठिपका गेला." मुक्ताचं विमान समुद्रावर असताना पडद्यावरून नाहीसं झालं होतं. मी रिक्षा करून तुझ्याकडे आले. रिक्षावाल्याला पैसे द्यायचे राहिले, तो वर आला मागायला. तू तसबीहचे मणी ओढत बसलीस, मी रामरक्षा म्हणत होते आणि तीही मध्येच विसरत होते. तीन तासांनी ठिपका परत उगवला. पुढे मुक्तानं सांगितलं, मधल्या समुद्रावर ते दिसतच नाही, विमानाला काही होत नाही. तू तिला फोनवर झापलंस, मग आधी सांगायचं ना. पण त्या तीन तासांत तू माझा हात सोडला नव्हतास. तेवढ्यासाठी मी तुझी ऋणी आहे, आणि हे तुला तोंडावर कधी सांगणार नव्हते.

मग आमच्या वरच्या मजल्यावरचे काका गेले. त्यांचा एक मुलगा पूर्वेकडून यायचा होता, एक पश्चिमेकडून. धुक्यामुळे एकाचं विमान भलत्याच शहरात उतरवलं. काका तीन दिवस त्या काचेच्या थंड पेटीत होते. एकटीला जायची भीती वाटत होती म्हणून मी तुला बोलावून घेतलं. तिथे पेटीचं यंत्र घुरघुरत होतं, लोक घड्याळं बघत होते आणि कुणीतरी विचारलं, "कुठवर आलंय?" गॅसच्या सिलिंडरबद्दल विचारावं तसं. जिन्यात तू थांबलीस.

"कुंदा, मला असं ठेवू देऊ नकोस. आमच्यात उशीर करत नाहीत, पण पोरासाठी करतील. तू होऊ देऊ नकोस."

मी म्हटलं, मी तर थांबणार. मुक्तानं तोंड पाहिल्याशिवाय मला हलवायचं नाही. तीन दिवस काय, आठ दिवस. तू म्हणालीस, तिला तू कुठली दिसायला, तिला पेटी दिसेल. मला राग आला. घरी येऊन चहा केला तो मुद्दाम बिनसाखरेचा केला. तू तो निमूट प्यायलीस आणि म्हणालीस, चहा छान झालाय. त्यानंतर दर दोन-चार महिन्यांनी हा विषय निघायचा. तू म्हणायचीस, माती लवकर. मी म्हणायचे, मुलगी आधी. दोघींनाही वाटायचं की दुसरी कधीतरी हरेल.

तू गेलीस ती पहाटेची नमाज झाल्यावर, तिथेच, जानमाजवर. शबानाचा फोन आला तेव्हा मी दूध तापवत होते. गॅस बंद केला की नाही हेही मला आठवेना, रिक्षातून शेजारणीला फोन करून बघायला सांगितलं. तुझ्या घरी पोचले तेव्हा तुला पलंगावर ठेवलं होतं आणि तुझे भाऊ सलीमभाई, मार्केट यार्डात मिरचीची पोतीच्या पोती आवाजावर विकणारा माणूस, आवाज गेल्यासारखे बसले होते. थोड्या वेळानं इम्तियाजचा फोन आला. तो तिकडे विमानतळावर पोचलाही होता, तिकडच्या रात्रीच्या विमानात जागा मिळाली होती. सलीमभाईंनी सगळ्यांना ऐकू जाईल असा फोन धरला.

"मामू, चौदा तासांची फ्लाइट आहे. मी येतोय. थांबा माझ्यासाठी."

मग त्यानं मला विमानाचा नंबर पाठवला. का, तर नेहमी तुला पाठवायचा म्हणून. आणि फोन बंद झाला.

सलीमभाईंनी बोटांवर मोजलं. चौदा तास म्हणजे रात्री दहा-साडेदहा. इमामसाहेबांना विचारलं, तेही म्हणाले, मुलगा येतोय तर रात्री करू. पेटी सांगण्यासाठी सलीमभाईंनी फोन हातात घेतला, आणि मग काय वाटलं कोण जाणे, माझ्याकडे वळले. "बाई, तुम्ही गणिताच्या. रात्री साडेदहाला येईल ना?"

रझिया, मी आयुष्यात इतकी घाबरले नव्हते. खोलीत पंधरा-वीस माणसं होती आणि एकालाही ठाऊक नव्हतं की ते चौदा तास आखातापर्यंतचे आहेत. पुढचं मुंबईचं विमान, रांगा, घाट, हे सगळं फक्त मला माहीत होतं, कारण ते आपण दोघींनी मिळून मोजलं होतं. हो म्हटलं असतं, तर रात्री साडेदहाला सगळे जिन्याकडे बघत बसले असते. मग अकरा, मग बारा. मग, एवढं थांबलो तर आता सकाळपर्यंत थांबू. तुला त्या यंत्रात ठेवलं असतं आणि कुणीतरी विचारलं असतं, कुठवर आलंय. नाही म्हटलं असतं, तर तुझ्या मुलाची आई मी त्याच्यापासून काढून घेणार होते, तो आभाळात असताना, त्याला विचारता येत नसताना. त्यांनी पुन्हा विचारलं.

मी म्हटलं, "नाही. उद्या दुपारपर्यंत. त्याआधी नाही."

मग मी जिन्यातलं सांगितलं, तू काय म्हणाली होतीस ते, शब्द न् शब्द. सलीमभाईंनी हातातला फोन खाली ठेवला. म्हणाले, आपांचं म्हणणं तेच खरं. आजच, दुपारच्या असरच्या नमाजेनंतर करू.

तुला आंघोळ घालून कफन नेसवल्यावर मला आत बोलावलं. तुझं तोंड पाहिलं. तू रागावलेली दिसत नव्हतीस. पण तू माझ्यावर रागावलीस तरी कधी दिसायची नाहीस, हाच तर घोळ आहे.

रात्री साडेनऊच्या सुमारास त्याचं विमान आखातात उतरलं. सलीमभाईंनी फोन लावला, दोन शब्द बोलले आणि माझ्या हातात दिला. मला जे सांगायचं होतं ते मी सांगितलं. पलीकडून विमानतळावरच्या घोषणा ऐकू येत होत्या. मग तो म्हणाला, "ठीक आहे मावशी, येतो." दुसऱ्या दिवशी दुपारी एकच्या आत तो दारात होता. माझं गणित बरोबर आलं. गणित बरोबर आल्याचं इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

इथवर मी स्वतःला समजावू शकत होते. तुझी इच्छा होती, मी ती सांगितली. पण तिसऱ्या दिवशी, जियारतीला, तुझ्या स्वयंपाकघरात शबाना मटार सोलत बसली होती, आणि मला एकदम आठवलं. गेल्या महिन्यातलीच गोष्ट. आपण दोघी माझ्या गॅलरीत मटार सोलत होतो. तू मान खाली घालूनच विचारलंस, "आता किती लागतात गं त्याला यायला?" मी म्हटलं, तेवढेच, सव्वीस-सत्तावीस. तू दोन शेंगा सोलल्यास आणि म्हणालीस, "फार नाहीत."

फार नाहीत. म्हणजे काय, रझिया? मी विचारायला हवं होतं. मी काय म्हटलं, तर या खेपेला मटार किडका निघालाय. तुझं मन बदललं होतं का? तू थांबायला तयार झाली होतीस का? का नुसतंच म्हणालीस, एखादीला पोराची आठवण येते तसं? हे मला त्या सकाळी आठवलंच नाही. आठवलं असतं, तर मी सलीमभाईंना काय सांगितलं असतं? रोज पहाटे मला याच प्रश्नानं जाग येते. उठून पाणी पिते आणि तुला फोन करायला मोबाइल हातात घेते.

इम्तियाज काल परत गेला. निघायच्या आधी बॅगा कॅबमध्ये ठेवून तो माझ्याकडे आला. मी पोहे केले होते. तो तुझ्यासारखाच मिरच्या बाजूला काढून ठेवतो. मला वाटलं, आता हा विचारणार. तो म्हणाला, मावशी, मला माहीत होतं. चौदा तास खोटे होते. इतक्यांदा आलोय गेलोय, मला कळत नाही का? सत्तावीस सांगितले असते तर मामू थांबलेच नसते. म्हटलं, चौदा सांगू, मग एकदा थांबले की थांबतील. ताटाकडे बघून तो म्हणाला, अम्मीला तसं ठेवलेलं मला तरी बघवलं असतं का कोण जाणे.

मग माझ्यानं राहवेना. मी त्याला मटारचं सांगितलं. काहीही झालं तरी तुझ्या मुलापासून तुझे दोन शब्द लपवून ठेवायचा मला काय अधिकार? मला वाटलं, तो मोडून पडेल किंवा माझ्यावर ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

तो म्हणाला, "मला कधी म्हणाली नाही ती, ये म्हणून. दर वेळी, काम सांभाळ, उगाच धावपळ करू नकोस. मी विचारायचो, येऊ का? म्हणायची, मी ठणठणीत आहे, कुंदामावशी आहे." मग डोळे पुसून त्यानं विचारलं, "तुम्ही म्हणता का मुक्ताला?"

मी त्याचं ताट उचललं. मीही तेच म्हणते. काम सांभाळ. मी ठणठणीत आहे. रझिया आहे. आपण दोघींनी मिळून सगळं मोजलं गं. घाट मोजला, रांगा मोजल्या, बॅगेवरून भांडलो. मेल्यावर कुणाला किती वेळ ठेवायचं याचे वाद घातले. पण जिवंतपणी पोरांना बोलवायचं आपल्या दोघींच्याही डोक्यात आलं नाही. आलं असेल, तर ते बोलायला लाज वाटली. पोरांच्या गळ्यात पडणाऱ्या आया आपल्याला आवडायच्या नाहीत. किती नावं ठेवायचो आपण त्यांना.

तो गेला. जिन्यावरून त्याची पावलं खाली जाईपर्यंत मी दारात उभी होते. मग आत आले आणि तिकडे किती वाजले असतील याचा हिशेब न करता मुक्ताला फोन लावला. कामाच्या वेळी मी कधी फोन करत नाही, म्हणून तिनं पहिल्याच घंटेला उचलला. आई, काय झालं?

मी म्हटलं, काही नाही झालं. तू ये.

ती घाबरली. पडलीस का, डॉक्टर काय म्हणाले, खरं सांग, शेजारच्या काकूंना फोन दे, असं काहीबाही विचारायला लागली. मी म्हटलं, मला काहीही झालेलं नाही, म्हणूनच ये म्हणतेय. झाल्यावर येऊन काय करशील? ती म्हणाली, आई, असं बोलून मला घाबरवू नकोस ना. पुढच्या डिसेंबरला येतेच आहे मी.

जिभेवर आलंच होतं, रझिया. बरं, डिसेंबर तर डिसेंबर, काम सांभाळ. अर्धं तर बोललेही होते. मग थांबले.

"मुक्ता, मी घाबरलेय. मला एकटीला फार भीती वाटते. ये."

मग ती रडायला लागली, लहानपणी रडायची तशी, हुंदके देत. मी तिला गप्प केलं नाही. मलाही तुझ्यासाठीचं रडू तेव्हाच आलं, पहिल्यांदा.